बधिर टाच

मधुमेहाने माझे पाय बधिर झाले, तेव्हा डॉक्टरांनी रोज टाचा उचलायचा व्यायाम आणि तळवे तपासायला सांगितलं. मी पडलो मास्तर; तळवे बघण्यासारखं क्षुद्र काम कशाला करू? वर अनवाणी राहण्याचा शोध माझा स्वतःचा. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर, वाळूत माझा हा टाचा उचलण्याचा सोहळा रोज चालायचा. शेजारी एक म्हातारा कोळी जाळं चाचपत, भोकं शोधत बसायचा.

एके सकाळी मी ऐटीत विसाव्यांदा टाचा उचलल्या, तेव्हा तो उठून आला. मला खाली बसवून, माझा पाय मांडीवर घेऊन त्याने टाचेत रुतलेला गळ दाखवला. वाळू लाल झाली होती.

"मास्तर, जालं फाटलं तं जाल्याला कलत नाय," तो म्हणाला. "आपुनच बघावं लागतं."

आणि वर्गात 'लक्ष कुठंय?' म्हणत पोरांना छड्या मारायचो मी!