शालीत रुतलेले बारा ब्रॅड

तात्यांनी दोन्ही हात जोडले होते, तरी अल्बम त्यांच्या छातीवर लटकतच होता.

भवानीनगरच्या साखर कारखान्यात त्यांचा निरोपसमारंभ होता. तात्या काट्यावरचे क्लार्क. उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात त्यांचा जन्म गेला. सहकाऱ्यांनी त्यांच्या फोटोंचा सजवलेला अल्बम माझ्याकडून करून घेतला होता. बारामतीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे.

शेवटच्या पानावर मी कागदी ऊस लावला होता, बारा पितळी ब्रॅडनी. ब्रॅड म्हणजे नक्षीदार टिकली, खाली पत्र्याचे दोन पाय. कागदाला भोक पाडायचं, पाय आरपार घालायचे, मागं फाकवून सपाट दाबायचे आणि वरून पुठ्ठा चिकटवायचा. त्या दिवशी सत्कार समितीची जीप दारात उभी. खळ वाळायला वेळ नव्हता. मी पाय नुसते वाकवले आणि पुठ्ठा वगळला.

तात्यांना शाल पांघरली, अल्बम हातात दिला. ते गहिवरले आणि त्यांनी तो उराशी धरला.

"तात्या, सोडा की आता," समितीचे अध्यक्ष ओढत म्हणाले.

"मी कुठं धरलाय? त्यानंच मला धरलंय!"

अध्यक्षांनी हिसका दिला. अल्बम सुटला, शालीचा हातभर दोरा घेऊन.

शाल इंदापूरच्या बापूरावांच्या दुकानातली. कारखान्यातल्या प्रत्येक सत्काराची शाल त्यांचीच असे. ते पहिल्याच रांगेत बसले होते. अध्यक्षांनी मला विचारलं, "हे असं कशानं झालं हो?"

मी म्हणालो, "वीण ढिली हाय."

त्या तीन शब्दांत बापूरावांची ऑर्डर गेली. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पुढं दोन वर्षं इंदापुरात लग्न असलं की मी पोटदुखीचं निमित्त काढायचो.

मागच्या महिन्यात बापूराव स्वतःच दुकानात आले. मुलीच्या लग्नाचा अल्बम करायचा होता. पिशवीत समितीनं परत पाठवलेली तीच शाल.

"येवढं दाखवा," ते म्हणाले. "दोन वर्सं उलटीपालटी करून बघतोय. वीण नेमकी कुठं ढिली हाय? मला तर घावंना."

मग मी सगळं सांगितलं. पुठ्ठ्यासकट.

त्यांनी शाल पिशवीत घातली. मग उठले. "चला."

"कुठं?"

"भवानीनगरला. हेच तितं बोला."

अध्यक्षांना पटेना. "येवढुशा टिकलीनं शाल फाटती व्हय?"

मी नमुन्याचं पान करून नेलं होतं, पाय तसेच उघडे ठेवून. मी नको म्हणायच्या आत त्यांनी ते स्वतःच्या छातीला लावलं आणि ओढलं. शर्टाचा खिसा पानाबरोबर आला.

बापूरावांची ऑर्डर तिथल्या तिथं परत मिळाली. माझी, कारखान्याच्या अल्बमांची, तिथल्या तिथं गेली. मुलीचा अल्बम मात्र बापूरावांनी माझ्याकडंच ठेवला. अट एकच, ब्रॅड नकोत, नाडीनं बांधा.

हल्ली ब्रॅड लावलेलं प्रत्येक पान मी आधी अंगातल्या स्वेटरवरून फिरवतो. आजवर तीन स्वेटर उसवले. बायको म्हणते, माफी त्याच दिवशी मागितली असती तर एवढी लोकर लागली नसती.