दोनदा थोपटायचं

आमच्या जिउ-जित्सूच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात ते हरायला. गळ्याभोवती पकड बसली, श्वास कोंडला, की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. तो लगेच सोडतो. का, कशाला, काही विचारत नाही.

काल ऋतुजाने मागून माझा गळा आवळला. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, पण दोन वर्षं शिकतेय. मी थोपटलं. तिने सोडलं नाही. पुन्हा थोपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा सरांनी ओरडून तिला थांबवलं.

"अहो काका, स्वतःच्याच मांडीवर काय थोपटताय?" ती घाबरली होती. "मला कळणार कसं?"

मी भिंतीला टेकून बसलो. मॅटवर जोड्या झुंजत होत्या. मधूनच थोपटल्याचा आवाज यायचा आणि कोणीतरी सुटायचं, हसत उठून बसायचं. इतकं सोपं असतं ते. माधवी, माझी बायको, घर सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, "तुला त्रास होतोय हे वीस वर्षांत एकदाही कळू दिलं नाहीस." मला केवढा राग आला होता! मी तर रोज सांगत होतो, अशीच माझी समजूत.

"काका, पुन्हा करू या?" ऋतुजाने विचारलं. "या वेळी माझ्या हातावर हां."

मी मान डोलावली. तिने पकड आवळली. तिचा हात अगदी माझ्या हनुवटीखाली होता, आणि मी मांडीवर थोपटत होतो.