गाजराचा वास

जानेवारी २०२१, रविवार दुपार, व्हिक्टोरियातल्या ऑस्ट्रेलियन आल्प्सचं पठार, इथला उन्हाळा. हजर: मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई तीन महिन्यांसाठी ग्लेन वेव्हर्लीला आमच्याकडे आल्या होत्या. विमानं बंद झाल्याने वर्ष होत आलं तरी इथेच अडकलेल्या.

लॉकडाऊननंतरची पहिली सहल. मास्क, सॅनिटायझर, धपाटे, सगळं मोजून घेतलं होतं. वाटेच्या कडेला जमिनीलगत नखाएवढी पांढरी फुलं होती, पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली. फलकावर लिहिलं होतं, गाजराच्या कुळातलं, तोडू नये. मुलगी पोटावर आडवी झाली.

"मम्मा, स्मेल इट! गाजर!"

पान जागच्या जागी चोळलं तरी ताजं गाजर किसल्यासारखा वास.

मग सासूबाई वाकल्या. आमच्या घरात हे काम त्यांचंच. धने, जिरं, ओवा, काहीही आणलं की आधी त्या चार दाणे चोळून वास घेणार. त्यांनी पास केल्याशिवाय डबा भरायचा नाही.

"कसला वास? गवत आहे."

"आजी, तुझं नाक अजून लॉकडाऊनमध्ये आहे!"

वास जाणं म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. मी सॅनिटायझरची बाटली उघडून त्यांच्या नाकाखाली धरली.

"आई, हा येतो?"

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

धपाट्यांचा डबा न उघडताच निघालो. मास्क वर, गाडीच्या चारही काचा खाली. सत्तरीच्या बाई, त्यात डायबेटिस. कुठली खोली त्यांना, कुठलं बाथरूम, ताट दाराशी कोण ठेवणार, मी मनात ठरवत होते. डोंगर उतरून रेंज आल्याबरोबर टेस्टिंग सेंटर शोधलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मी ओव्याचा डबा त्यांच्यापुढे धरला.

"नाही येत गं. मे महिन्यात सर्दी झाली होती ना, तेव्हापासून."

"मग डबे पास कसे करत होतात?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. पुडी फोडताना तू नाक मुरडलंस की नापास."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरांकडे माझी फाइल उघडली असतीस. मग मला विमानात कोण बसू देणार? आधी तिकीट, मग नाक."

तिकीट मिळालं, त्या पुण्याला गेल्या. मसाले आता मीच चोळून बघते. इथल्या नाकाच्या डॉक्टरांसाठी काढलेली रेफरलची चिठ्ठी फ्रिजवर तशीच आहे. तिकडच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात का, हे दर रविवारी फोनवर विचारते. त्यांचं उत्तर ठरलेलं, अजून जायचं आहे.