मागांच्या सुट्टीच्या दिवशी पाहिलेलं घर

अप्पांना झोप लागत नव्हती, म्हणून आम्ही फ्लॅट घेतला. लोक पोरांच्या शिक्षणासाठी घेतात, चार पैसे गुंतवायचे म्हणून घेतात. आम्ही म्हाताऱ्याच्या झोपेसाठी घेतला. हे कुणाला सांगितलं की समोरचा माझ्याकडे बघतो आणि मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो, बिचारा कसा नांदवत असेल हिला, अशा नजरेनं.

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत, होटगी जंक्शनवर काढली. आई गेल्यावर तिथल्या घरात एकटेच राहिले. मी एकुलती एक, इथं सोलापुरात शाळेत शिकवते. "या की माझ्याकडं," म्हणून मी फोनवर घसा कोरडा करायची. त्यांचं आपलं ठरलेलं, "लेकीच्या दारात किती दिवस बसायचं गं म्हाताऱ्यानं?" मग मी भांडायची. भांडण मला उत्तम जमतं. आईनं ती एक इस्टेट माझ्या नावावर करून ठेवली आहे. तिचंही तोंड सकाळी चहाच्या आधणाबरोबर सुरू व्हायचं ते झोप लागेपर्यंत बंद व्हायचं नाही. चूल, शेजारीण, रेल्वेचे साहेब, सगळ्यांचा उद्धार चाललेला असायचा, आणि अप्पा एका बाजूला गप जेवत बसलेले.

तर भांडून भांडून त्यांना आमच्या भाड्याच्या घरी आणायचं, आणि चौथ्या दिवशी बघावं तर म्हातारा पिशवी भरून तयार. "झोप न्हाय लागत तुज्याकडं," एवढं बोलायचे आणि होटगीची गाडी धरायचे. मला वाटायचं बहाणा आहे. पण एका पहाटे दूध घ्यायला उठले तर अप्पा कॉटवर ताठ बसलेले, डोळे लाल. रात्रभर तसेच होते. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, यांना झोप मिळाली पाहिजे, नाहीतर तब्येत उतरतच जाणार. उतरत तर होतीच. शर्टात माणूस शोधावा लागत होता. होटगीत तरी झोप लागते का, विचारलं तर म्हणाले, "लागती की." खोटं बोलताना अप्पा पायाच्या अंगठ्याकडे बघतात. तेव्हाही बघितलं.

आमची कॉलनी तशी शांत. पण कोपऱ्यावर एक कुत्रं होतं, आणि मी सगळा दोष त्या कुत्र्याच्या माथी मारला. ठरवून टाकलं, आता हक्काचं घर घ्यायचं, आणि असं घ्यायचं की तिथं टाचणी पडली तरी ऐकू येईल. मग अप्पा कसे राहत नाहीत तेच बघते.

शांत घरं होती की! पण त्यांचे भाव ऐकून आमचे हेच शांत झाले. आठ-दहा घरं बघितली, एजंट बदलले, चपला झिजल्या. शेवटी एक एजंट म्हणाला, "मॅडम, पूर्व भागात बघा. तुमच्या बजेटमध्ये दोन खोल्या, किचन, वर गॅलरी." मी म्हटलं, तिकडं टॉवेल-चादरींचे माग आहेत, दिवसभर खडखड असते, मला काय सोलापूर नवीन आहे का? तो म्हणाला, "आता कुठं राहिले हो माग? बंद पडले सगळे."

अर्धी रजा टाकून गेलो. बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही. पण जिना चढतानाच मला ती आवडली. एका दारात तेलुगू घराची मोठी रांगोळी, खालच्या दाराला हिरवा पडदा आणि आतून बिर्याणीचा वास, मधल्या मजल्यावर दोन बायका कानडीत कुणाची तरी यथेच्छ निंदा करत उभ्या. होटगीत वाढल्यानं मला कानडी कळते. निंदा इतकी चांगली चालली होती की मी दोन पायऱ्या मुद्दाम हळू चढले. वर फ्लॅटमध्ये गेलो तर काय सांगू, शांतता! गॅलरीतलं कबूतर उडालं तर त्याच्या पंखांचा आवाज आला. मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, अप्पांची कॉट ह्या खिडकीखाली.

आमचे हे जपून पाऊल टाकणारे. म्हणाले, "अजून एकदा दुसऱ्या वारी येऊन बघू या का?" मी म्हटलं, "का? वार बदलला की भिंती बदलतात का?" टोकन दिलं, कर्ज झालं, करार झाला.

मग एका सकाळी पडद्यांची मापं घ्यायला गेले आणि गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. खटाखट, खटाखट, खटाखट. आमच्या बिल्डिंगला चिकटून जी लांबलचक पत्र्याची शेड होती आणि जी मला गोदाम वाटली होती, तिच्यात ओळीनं माग चालू होते. टॉवेल विणले जात होते. वर गेले तर खिडकीची काच थरथरत होती. आम्ही घर बघितलं तो मागांच्या आठवड्याच्या सुट्टीचा वार होता! जन्म सोलापूर जिल्ह्यात गेला, आणि मागांना सुट्टी असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही, मी भांडले. एजंटला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मग ह्यांना फोन लावून म्हटलं, "तुम्ही मला अडवलं का नाही?" त्यांनी फोन ठेवून दिला.

माझा आवाज ऐकून समोरच्या दारातली तेलुगू बाई बाहेर आली. तिचे दीर त्याच शेडमध्ये कामाला. तिनं आधी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, मग म्हणाली, "अक्का, आठ दिवस त्रास होतोय बघा. नंतर माग बंद पडला की आपणच खिडकीतनं बघतोय, काय झालं म्हणून." खालच्या हिरव्या पडद्यामागची खाला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगची मावशी, जिन्यातूनच ओरडली, "हौ जी, आदत हो जाती!" त्यांना कसं सांगू की सवय माझी नाही हो, माझ्या बापाची व्हायला पाहिजे. मी तिथंच पायरीवर बसून रडले. दोघी बायका माझ्या दोन बाजूंना बसल्या. करार मोडायची ऐपत नव्हती. राहायला आलो.

आणि खरं सांगायचं तर राहायला आल्यावर त्या जिन्यावर माझा जीव जडला. नळाला पाणी सुटलं की आधी तेलुगूत हाक, मग कानडीत, मग खालाची दखनी उर्दूत, आणि सगळ्यांच्या वर माझी. आमच्या घराची एक किल्ली समोरच्या बाईकडे कधी गेली ते मलाही आठवत नाही. घरात कढीपत्ता विकत आणायचं मी बंद केलं, कुणाच्या ना कुणाच्या कुंडीतला येतोच. आवाजाचं म्हणाल तर तिनं सांगितलं तसंच झालं.

फक्त अप्पांना मी आणेना. कुठल्या तोंडानं आणू? "घर लागलं का?" फोनवर विचारायचे. "रंग चाललाय अजून," मी सांगायची. "मागं कसला आवाज गं?" "मिक्सर, अप्पा." एवढा वेळ मिक्सर कशाला चालतो, हे त्यांनी विचारलं नाही. पण त्यांचा आवाज दर फोनला बारीक होत चालला होता, आणि मला रात्री ते कॉटवर ताठ बसलेले दिसायचे. घर घेऊन मी त्यांना आणखी लांब करून बसले होते.

एक दिवस शाळेतून दुपारी घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. दारात अप्पांच्या चपला. समोरची बाई म्हणाली, "तुमचे अप्पा आले की हो, सकाळच्या गाडीनं, पत्ता विचारत विचारत. मी दार उघडून दिलंय, भात दिलाय, जेवले चांगले." आत गेले. खिडकीखाली, जिथं मी त्यांची कॉट ठेवणार होते तिथं, अप्पा फरशीवर सतरंजी टाकून पडले होते. पिशवी उशाला. शेजारी माग खटाखट चालू, काच थरथरतेय, आणि अप्पांची काही हालचाल नाही.

"अप्पा!" मी हाक मारली. नाही. "अप्पा!!" नाही. मग मी जी किंकाळी फोडली ती ऐकून खाला दुखरे गुडघे विसरून वर धावत आली. अप्पांनी एक डोळा उघडला.

"काय गं बोंबलतीस? किती महिन्यांनी डोळा लागला हुता!"

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मग राग आला, भीती गेली की मला रागच येतो. म्हटलं, "ह्या आवाजात? तुमच्यासाठी शांत घर म्हणून गावभर फिरले मी! त्या कुत्र्याच्या भुंकण्यानं तुम्हाला झोप लागत नव्हती ना?"

"कुत्र्याचं काय न्हवतं गं," अप्पा उठून बसले. "ते भुकायचं तेवडाच वेळ जरा बरं वाटायचं."

"मग?"

अप्पा खिडकीबाहेर बघत होते, अंगठ्याकडे नाही. "जलमभर गाड्यांच्या आवाजात झोपलो. रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, गाड्या लांब गेल्या, तरी झोप लागायची. तुजी आई हुती की. पडल्या पडल्या तिची बडबड चालायची, मी हं हं म्हणायचो, कवा डोळा लागायचा कळायचं न्हाय." त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. "ती गेल्यापासनं घर लई गप पडलंय. हितं बी, तितं बी. त्या गपपणानंच जाग येती बघ."

आई गेल्यापासून अप्पांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. मी मात्र भाड्याच्या घरात त्यांच्या मागे सगळ्यांना गप करत फिरत होते. "गप बसा हो, अप्पा झोपलेत." टीव्ही बंद, मिक्सर बंद, ह्यांचा फोन बंद. आणि स्वतःच्या तोंडालाही कुलूप, जन्मात पहिल्यांदा. ते आले की मी घरात पाऊल न वाजवता चालायची. खाला दारातच उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि खाली गेली.

अप्पा राहिले. पिशवीतले कपडे कपाटात गेले. दुपारी जेवून खिडकीखाली पडतात आणि मागांच्या आवाजात घोरतात. शर्ट आता अंगाला बसतो.

पहिल्या आठवड्यात मागांच्या सुट्टीचा वार आला तेव्हा माझी शाळाही बंद होती. दुपारी सगळी गल्ली गार. कबुतरांचा आवाज येत होता, अगदी पहिल्या दिवशीसारखा. अप्पा कुशी बदलत पडले होते. मी जवळ शेंगा सोलत बसले होते, आणि माझं नेहमीचं सुरू झालं. एजंट कसा लबाड निघाला, महापालिकेचं पाणी, मुख्याध्यापिकेच्या खोड्या, शेंगा कशा किडक्या दिल्या मेल्यानं. बोलता बोलता बघितलं, अप्पांचे डोळे मिटलेले. झोपले वाटतं, म्हणून मी चटकन गप झाले.

डोळे न उघडता अप्पा म्हणाले, "थांबू नको. बोल."

मी शेंगवाल्यापासून पुन्हा सुरुवात केली. बोलत राहिले. ते हं म्हणाले. पुढं आणखी एकदा हं म्हणाले, आणि मग त्यांचं हं आलं नाही, घोरणं आलं.