जीभ चिकटली तर पंप चांगला

हनीफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वांग्याच्या वाफ्यात होतो. फोन त्यांच्या बायकोनं, जरीनाभाभींनीच केला. "सर, भाई गेले." मी विचारलं, "कधी?" दीड महिना झाला, त्याहून शहाणा प्रश्न मला अजून सुचलेला नाही.

कारंज्यात स्टँडामागे त्यांचं छोट्या इंजिनांचं दुकान. मी कॉलेजातला ग्रंथपाल. निवृत्तीनंतर भाजीपाल्याच्या हौसेपायी बागेचा एक जुना, पेट्रोलवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला आणि त्यांच्या बाकावर कायमचा बसू लागलो. आमचा वाद एकच... टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणारा पंप कोणता बरा? लिव्हरच्या पंपाला इंजिन स्वतः ढकलतं. व्हॅक्यूमचा पंप इंजिनाच्या पोटातून आलेल्या बारीक नळीवर चालतो. इंजिनाच्या श्वासासरशी आतला पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे जातं. मी व्हॅक्यूमच्या बाजूचा, कारण त्यात झिजण्यासारखं काही नसतं असं कुठंतरी वाचलं होतं. भाई म्हणत, "लिवरवाला बिघडला तर ऑइलले पेट्रोलचा वास येते. सांगून मरते तो. वॅक्यूमवाला गुपचूप मरते, सर."

व्हॅक्यूमचा पंप तपासायची त्यांची रीत साधी होती. पंपाच्या नळीच्या तोंडाला ओठ लावून हवा ओढायची आणि भोकावर जीभ ठेवायची. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत, पंप चांगला. कंपनीचे साहेब टाय लावून, पेटीतून गेज घेऊन येत. ते पेटी उघडेपर्यंत भाईंचा निकाल लागलेला असे. गेज नेहमी भाईंशी सहमत होई.

मागच्या उन्हाळ्यात पंप नापास होऊ लागले. आधी एक, मग पाठोपाठ चार. "माल फुसका येऊन राह्यला," भाई म्हणाले. संशय घेणं हा तर माझा जुना छंद. नापास झालेले नवे पंप परत पाठवताना मी पुरवठादाराला दोन पानी तक्रार लिहिली, तीत 'नैतिक अधःपतन' असेही शब्द होते. उत्तर आलं, परत आलेले सर्व पंप तपासले, ठीक आहेत. ते पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. भाई हसता हसता खोकू लागले... किती वेळ खोकले, ते मला आत्ता आठवतं.

मग एका दुपारी माझ्याच ट्रॅक्टरचा पंप निघाला. भाईंनी ओढून पाहिला, बाजूला टाकला. "गेला." गंमत म्हणून मी तो उचलून तोंडाला लावला. जीभ चिकटली.

"काय झालं?"

"चिकटली."

"पुन्ना पाहा."

पुन्हा चिकटली. त्यांनी पंप घेतला, बाहीला पुसला, स्वतः ओढून पाहिला आणि हळूच काउंटरवर ठेवला.

"पंप चांगला हाये, सर. दम माह्यातलाच गेला."

अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून हेच सांगितलं, जास्त शब्दांत. उशीर झाला होता. भाईंना काळजी भलतीच. "त्या अनसिंगच्या कोबीवाल्याले सांगा, त्याचा पंप चांगला होता. मी त्याले खोटं सांगतलं." मी गेलो. त्यानं पंप केव्हाच फेकला होता, आणि ट्रॅक्टरही विकला होता. भाईंनी विचारलं, "लावला त्यानं? चालते नं?" मी म्हणालो, "चालते."

दवाखान्यात त्यांना श्वासाच्या व्यायामाचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. तीन नळ्या, तीन गोळे; हवा ओढली की गोळे वर जातात. भाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हाबी वॅक्यूमवालाच." पहिला गोळा अर्ध्यावर उठायचा, थरथरायचा, बसायचा. शेवटच्या आठवड्यात तोही जागचा हलला नाही.

घरात नको म्हणून भाभींनी ते यंत्र माझ्याकडे दिलं. परवा मी नळी तोंडात धरून ओढलं. तिन्ही गोळे एकदम वर गेले, आणि मी ओढत होतो तोवर वरच राहिले.