तिसऱ्या डॉक्टरचा गुण

घोडेगावच्या बाजारात कल्याण म्हशींचा व्यापार करतो. म्हैस घेताना तो दात पाहतो, कास चाचपतो, मागच्या वेतांची चौकशी करतो. स्वतःचं मात्र काही सांगत नाही. भाव ठरतो रुमालाखाली, बोटांनी. एकाने किती देऊ केले हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम.

अडचण एवढीच, की डॉक्टरांनाही तो हाच नियम लावायचा.

त्याचा आदिनाथ तीन वर्षांचा. अंगणवाडीत जायला लागल्यापासून सर्दी, खोकला, जुलाब असं काहीतरी रोज शिकून येतो. गेल्या हिवाळ्यात तापात त्याला आकडी आली. डोळे पांढरे, अंग ताठ. आजीने, म्हणजे गोजरबाईने, नाकाला कांदा धरला, शेजारणीने चप्पल. आकडी आपल्या वेळेला थांबली आणि श्रेय कांदा व चप्पल यांना विभागून मिळालं. त्या दिवशी कल्याण किल्ली न लावताच मोटारसायकलला किका मारत राहिला. तेव्हापासून पोराचं कपाळ गरम लागलं की तो पळत सुटतो. विचार मागून चालत येतो.

पळण्याची पद्धत ठरलेली. पहिल्या दिवशी गावातला डॉक्टर. संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही की, "याचा गुण न्हाई." दुसऱ्या दिवशी सोनई. तिसऱ्या दिवशी नगर. साधा ताप बहुधा तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी जातो. त्यामुळे ज्याच्या दारात तिसरा दिवस उजाडेल तो डॉक्टर धन्वंतरी ठरे. आधीची औषधंही तो बंद करू देत नसे. कुणाचा गुण उशिरा येईल, काय सांगावं.

या खेपेच्या तापात गाव आणि सोनई करून झालं. नगरला निघताना त्याची बायको कावेरी म्हणाली, "अवं, दोन्ही बाटल्यांचा वास सारखाच येतोय. डॉक्टरला इचारा तरी."

"एका डॉक्टरचं दुसऱ्याला सांगत न्हाईत. अपमान वाटतो त्यान्ला."

"आन पोराला काय वाटतं?"

यावर कल्याणने मोटारसायकल सुरू केली.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं आणि विचारलं, "आधी कुठं दाखवलं? काही औषध दिलं?"

"न्हाई मॅडम," कल्याण म्हणाला. "डायरेक तुमच्याकडंच आलो."

बाईंनी तापाचं औषध लिहायला घेतलं. कावेरीने पिशवी टेबलावर उलटी केली. गावची बाटली, सोनईची बाटली, आणि सासूबाईंनी मेडिकलमधून आणलेली तिसरी, जिची खबर कल्याणलाही नव्हती. "हे सगळं चालू हाय," ती म्हणाली. "आज सकाळपासून पोरगं नुसतं वकतंय."

बाईंनी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. "नावं तीन आहेत. औषध एकच. तुम्ही त्याला तिप्पट देताय."

"मंग गुण का येईना?"

"आला असता. ताप गेला असता, त्याच्याबरोबर लिव्हरही गेलं असतं."

बाजारात कुणी इतका सरळ भाव सांगत नाही. कल्याण खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

बाईंनी सगळी औषधं बंद केली, रक्त तपासायला पाठवलं, पोराला ठेवून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत कल्याणने नवरा-बायकोच्या नात्यातला पहिला पूर्ण खुलासा केला: कुठल्या दिवशी कुणाकडे नेलं, कुणी काय दिलं, कुणाला काय सांगितलं नाही. कावेरीने ऐकून घेतलं. सगळं तिला माहीत होतं.

लिव्हर शाबूत निघालं. दुसऱ्या दिवशी तापही गेला.

घरी येताच कल्याण आळीभर सांगत सुटला, "नगरच्या बाईंचा लई गुण. औषध न देता बरं केलं. पण तिसऱ्या दिवशी न्यायचं, ध्यानात ठेवा."

पंधरवडाही गेला नाही तोच आदिनाथचं अंग पुन्हा तापलं. कल्याण सवयीने त्याला गावातल्या दवाखान्यात न्यायला बाजारातून घरी आला.

"आरं, सूनबाई पोराला घिऊन नगरला गेली," गोजरबाई ओट्यावरून म्हणाली.

"आजच? पयलाच दिवस हाय की."

"तेच म्हनले मी. तर म्हनली, बाईला पयल्यापासनं ठावं असलेलं बरं."