दगडनाक्या

चरबीच्या कारखान्यात नवा माणूस लागला, की मुकादम त्याला पहिल्या दिवशी डबा आणू नकोस म्हणून सांगत असे. बहुतेकांना तो अपमान वाटे. दुपार होईपर्यंत त्यातला कनवाळूपणा त्यांच्या ध्यानात येई. काही जण तर दुपारपर्यंतही थांबत नसत. फाटकाबाहेर जाऊन ओकत आणि तसेच घरची वाट धरत. 'आला तसा गेला, राजीनाम्याचा कागद वाचवला,' असे मुकादम म्हणे आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारी.

काम समजायला सोपे होते. कत्तलखान्यातून उरलेली आतडी, खुरांसकट पाय, खाटकांच्या दुकानांमागच्या पिंपांत साठलेला गाळ आणि रस्त्यावर मरून पडलेली जनावरे गाड्यांतून येत. ती उतरवायची, तोडायची आणि खोलीएवढ्या बंद कढयांत वाफेवर शिजवायची. वर आलेली चरबी साबणवाल्यांकडे जाई, तळाशी उरलेल्या हाडांचा चुरा खत म्हणून शेतांवर. लोक या कामाला नाके मुरडत ती वासामुळे, असे सरसकट मानले जाते. कामगारांचे म्हणणे थोडे वेगळे होते. वासाची महिन्याभरात सवय होते, असे ते सांगत. सवय होत नाही ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यांची.

ज्याची ही हकिकत आहे, त्याला तर वासाची सवय करून घेण्याचीही गरज उरली नव्हती. त्याला वासच येत नसे. कारखान्यात सगळे त्याला दगडनाक्या म्हणत. नाक कसे गेले याच्या दोन हकिकती आहेत. मुकादमाच्या सांगण्यानुसार एकदा कढईची झडप सटकली, गरम वाफ थेट त्याच्या तोंडावर आली आणि त्या दिवसापासून नाक मेले. तो स्वतः हे मानत नसे. त्याच्या मते नाक हळूहळू गेले, आधी फुलांचा वास गेला, मग चहाचा आणि शेवटी कारखान्याचा. वाफेचा प्रसंग मुकादमाने मागाहून चिकटवला, कारण गोष्ट सांगायला तो बरा पडतो. दोघांपैकी खरा कोण, हे आता ठरवता येणार नाही. एवढे मात्र खरे, की नाक गेल्याचे त्याला दुःख नव्हते. इतरांची शिक्षा त्याला माफ झाली होती.

"काय रे दगडनाक्या, आज तीन नंबरची कढई कशी आहे?" मुकादम खालून ओरडे.

"गुलाबाचा मळा फुललाय, मुकादम. तुम्हीच या वर, गजरा करून देतो."

बाहेर मात्र ही मस्करी चालत नसे. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही. न्हावी त्याला दुकान बंद करायच्या वेळी बोलावी. लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. या गोष्टी त्याने मनाला लावून घेतल्या नाहीत, असे तो म्हणे. पण घरी आल्यावर तो जितका वेळ अंघोळीला लावी, तितका वेळ मनाला न लावून घेणारा माणूस लावत नाही. ज्या साबणाने तो अंग खरवडे, तो कदाचित त्याच्याच कढईतून आलेला असेल.

घर म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, हातांच्या खुर्चीवर आई बसलेली असे. साखरेच्या आजाराने तिची नजर धूसर झाली होती आणि पाय घोट्यांपर्यंत बधिर. बारा महिने पायांत लोकरीचे जाड मोजे, त्यावर पांघरूण. "मला पाय आहेत हे मला मोजे घालतानाच कळतं," असे ती हसून सांगे. ते मोजे ती चाचपडत स्वतःच घाली, स्वतःच काढी, आणि अलीकडे काढायचे बरेचदा टाळी. त्याने पाय बघायला मागितले, की ती हात झटकी.

"माझे पाय अजून माझेच आहेत. तू तुझी कढई ढवळ."

आईला सोबत होती ती वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीची. दुपारी शिलाईचे काम घेऊन ती खाली येई आणि दोघी गप्पा मारत. मग तिचे येणे कमी झाले, आणि एक दिवस बंदच झाले. जिन्यात भेटल्यावर तिने त्याला आडून सुचवले: "तुमच्या कामाचं काय, आम्हाला कळतं हो. पण माझ्याकडे गिऱ्हाइकांचे नवे कपडे असतात. त्यांना वास धरतो." त्याने मान हलवली आणि त्या दिवसापासून दोनदा अंघोळ सुरू केली.

आईने मात्र वास हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. तो घरात आला, की ती एवढेच म्हणे, "खिडकी उघड रे, जरा हवा येऊ दे." खिडकी बहुधा आधीच उघडी असे.

सुटीच्या दिवशी धाकटी बहीण येई. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राही, शाळेत लहान मुलांना शिकवी. नाकावर रुमाल धरून ती उंबऱ्याच्या आत दोन पावले येई, आणलेली फळे टेबलावर ठेवी आणि आईशी तिथूनच बोले. एका रविवारी ती फळे ठेवून तशीच उभी राहिली.

"दादा, राग मानू नकोस. पण आता सहन होत नाही. आधी तू आलास की वास यायचा. आता तू बाहेर असलास तरी येतो."

"भिंतींत मुरला असेल."

"मग आईने त्या भिंतींत बसायचं?"

"भिंती धुतो."

"भिंती धुवून काय होणार? काम सोड. नाहीतर मी आईला माझ्याकडे नेते."

"काम सोडून करू काय? नाक नसलेल्या माणसाला अत्तराच्या दुकानात ठेवतं का कोणी?"

आई खुर्चीतून म्हणाली, "मी कुठे जाणार नाही. हा घरी आला की जेवलास का म्हणून कोण विचारणार याला? ती कढई?"

बहीण हसली नाही. "पुढच्या महिन्यात तुमचा कारखाना बंद राहणार आहे ना, बॉयलरच्या दुरुस्तीला? तेवढ्यात वास गेला तर ठीक. नाही गेला तर मी गाडी घेऊन येईन, दादा. आणि आईचं काही ऐकणार नाही."

दुरुस्ती सुरू झाली आणि कारखान्याच्या धुराड्यातून निघणारी पांढरी वाफ थांबली. आसपासच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. लोक गच्चीवर खुर्च्या टाकून बसू लागले. दगडनाक्याने या सुटीचा एक दिवसही फुकट घालवला नाही. कामाचे कपडे त्याने आवारामागे नेऊन जाळले. डोक्याचे केस उतरवले. भिंतींना चुना दिला, फरशी सोड्याने घासली, पडदे उकळले, स्वतःची गादी फेकून दिली. आईची खुर्ची तेवढी तिच्यासकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवली, कारण तिला थंडी वाजत होती आणि अंगात तापाची कसर होती. "चुन्याने सर्दी झाली," ती म्हणाली. जेवण तिने दोन दिवस नीट घेतले नव्हते. बहीण येऊन नेईल या धास्तीने असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

ठरल्या दिवशी बहीण आली. तो नवा सदरा घालून दारात उभा होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. तिने रुमाल खाली घेतला, एक श्वास घेतला आणि पुन्हा वर नेला.

"कमी आहे ना?" त्याने विचारले.

"दादा, वाढलाय."

"शक्यच नाही. कारखाना बंद आहे. कपडे जाळले मी. घरात माझं म्हणून काही ठेवलं नाही." त्याने बाही वर केली आणि हात तिच्यापुढे धरला. "इथे बघ. खोटं बोलू नकोस. तुला आईला न्यायचंय म्हणून उगाच बोलू नकोस."

तिने रुमाल खिशात टाकला. इतक्या वर्षांत ती प्रथमच त्याच्या इतक्या जवळ आली. त्याच्या मनगटाचा वास घेतला, मग बाहीचा, मग केस उतरवलेल्या डोक्याचा. तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुला नाही येत, दादा."

"काय?"

"तुझ्या अंगाला कसलाच वास येत नाहीये. साबणाचा येतोय."

क्षणभर, आणि ही गोष्ट त्याने पुढे कधीच स्वतःला माफ केली नाही, त्याला आनंद झाला. वर जाऊन शिंपिणीला हाक मारावी असे वाटले. मग त्याने बहिणीकडे पाहिले. ती नाक वर करून हळूहळू खोलीत पुढे सरकत होती, चुना दिलेल्या भिंतीला वळसा घालून, टेबलाच्या पलीकडे, खिडकीपाशी. खुर्चीपाशी ती थांबली, गुडघ्यांवर बसली आणि तिने पांघरूण उचलले.

"अगं, काय करतेस?" आई म्हणाली. "तो मोजा राहू दे. घट्ट बसलाय तो."

मोजा निघेना. शेवटी कात्रीने कापावा लागला. टाच होती तिथे टाच उरली नव्हती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने पाय पाहिला, ताप पाहिला आणि कागदावर लिहितालिहिता विचारले, "एवढे दिवस घरात कोणाला वास आला नाही?"

बहिणीने खाली पाहिले. उत्तर त्यानेच दिले. "आला. सगळ्यांना आला, डॉक्टर. मला सोडून."

गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाला. आधी आणला असता तर कदाचित बोटांवर भागले असते. या 'कदाचित'मध्ये किती तथ्य होते कोण जाणे. डॉक्टर ते सगळ्यांनाच सांगत असेल. दगडनाक्याने मात्र ते अक्षर न बदलता लक्षात ठेवले. शस्त्रक्रियेनंतर झाकलेली बादली घेऊन चाललेल्या कर्मचाऱ्याला त्याने बाजूला घेतले.

"हे कुठे नेता?"

"जाळायला. का?"

"जाळतात ना नक्की? गाडीत नाही भरत?"

कर्मचाऱ्याने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिले. "माणसाचं कोण गाडीत भरेल हो?"

"बरं," तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा बाकावर बसला.

आईला पुरती शुद्ध आली तेव्हा त्याने विचारले, फार हळू: "आई, तुला येत होता का वास?"

"येणारच. नाक काय तुझ्यासारखं आहे माझं?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने तोंड भिंतीकडे वळवले. "मला वाटलं, तुझाच. सारखाच तर होता. दिवसभर राबून येतोस, त्यात आईनेही नाक मुरडायचं?"

घरी सोडताना नर्सने सांगितले, की साखर अशी असताना जखम पुन्हा चिघळू शकते, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. रोज वास बघा. हे तिने त्याच्याकडे बघून सांगितले, कारण पट्टी बदलायला तोच शिकला होता. दुसऱ्या कोणाला ते काम जमत नव्हते.

बॉयलर दुरुस्त होऊन कारखाना सुरू झाला आणि तो कामावर परतला. मुकादमाने कढईची चौकशी केली, पण गुलाबाच्या मळ्याचे उत्तर आले नाही, तेव्हा त्याने पुन्हा विचारले नाही. संध्याकाळी घराचा क्रम ठरला. तो आल्याबरोबर अंघोळ करी, पट्टी सोडून ठेवी आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसे, म्हणजे त्याच्यामुळे गल्लत नको. बहीण शाळेतून दोन बस बदलून येई, आत जाई आणि जखमेपाशी तोंड नेऊन वास घेई. मग आतून हाक येई: "नाही, दादा!" तो उठे, आत जाई आणि नवी पट्टी बांधे. वरून शिंपीण कधी कधी कठड्यावरून वाकून विचारी, "आई काय म्हणतात?" आणि तो बोटाने 'थांबा' अशी खूण करी.

एका संध्याकाळी हाक आली नाही.

तो थांबला. आत आईचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा, ठासून बोलल्यासारखा: "अगं, त्याचाच आहे तो. आत्ताच नाही का आला कामावरून? तुला ठाऊक नाही का त्याचा वास?"

बहीण बाहेर आली आणि त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर बसली. रुमालाची घडी तिच्या मुठीत तशीच होती.

"दादा, आई म्हणते..."

"ऐकलं मी. तू सांग." त्याने हात पुढे केला. "नीट बघून सांग. माझा आहे?"

तिने त्याच्या मनगटाशी नाक नेले आणि बराच वेळ तसेच ठेवले, जणू काही सापडावे अशी तिची इच्छा होती.

"साबणाचा आहे," ती म्हणाली, आणि रडू लागली.

तो उठून आत गेला. आईने धूसर डोळ्यांनी त्याच्या आकृतीकडे पाहिले. पावलांवरूनच तिने काय ते ओळखले असावे.

"परत कापतील रे."

"हो."

"किती कापतील? मी काय कणीस आहे, वरवरून सोलत जायला?"

त्याने पट्टी बांधली, बहिणीला गाडी बघायला पाठवले आणि खिडकी सताड उघडली. मग मोज्यांच्या एका जोडीची घडी सोडवली, त्यातला एक परत ठेवला आणि दुसरा तिच्या उरलेल्या पायात चढवण्यासाठी खाली बसला. आधी त्याने तो पाय दिव्याच्या उजेडात धरून टाचेपासून बोटांपर्यंत पाहिला. या खेपेला तिने हात झटकला नाही.